सुटलेली ट्रॉली

मागील अंकातील संधिवाताच्या लेखावर आलेल्या पत्रांमध्ये एक पत्र अगदी निराळ्या विषयाचे होते. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचा मुलगा दहावीत आहे. संध्याकाळी साडेसात वाजता त्याची शिकवणी सुटते आणि चार किलोमीटर सायकल चालवत तो घरी येतो. रस्ता साखर कारखान्याकडे जाणारा. हंगाम सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते. ‘तो दारात येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हा धोका खरोखरच एवढा आहे, की माझ्याच मनाचा हा आजार? आपण चिंतारोगावर लिहिता, म्हणून विचारते,’ असे त्यांनी लिहिले आहे.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हा आजार नाही. चिंतारोगात भीतीचे कारण लहान असते आणि भीती मोठी. येथे कारणच मोठे आहे. गेली सत्तावीस वर्षे मी कृष्णाकाठच्या ज्या गावात दवाखाना चालवते, तेथे ऋतू ओळखण्यासाठी मला दिनदर्शिका पाहावी लागत नाही. पावसाळ्यात जुलाब आणि सर्पदंश येतात, तसे गळीत हंगामात उसाच्या पात्याने डोळा ओरखडलेले तोडणी कामगार, ट्रॉली जोडताना बोट चेचलेले चालक आणि रात्री ट्रॉलीवर मागून आदळलेले दुचाकीस्वार येतात. (डोळ्याला उसाचे पाते लागले असता दुकानातून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत. त्या जखमेत बुरशी वाढते आणि स्टेरॉइडयुक्त थेंबांनी ती फोफावते. यावर पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहीन.)

आज ट्रॉलीविषयी. त्यातही आपल्या सवयीच्या नजरेला न दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतील गोष्ट. रात्री नवाच्या सुमारास कालव्याच्या पुलापुढील चढावर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली. तिच्यामागे एक तरुण जोडपे दुचाकीवर होते. वाट मिळताच पुढे जावे म्हणून ते अगदी जवळ येऊन थांबले होते. ट्रॉली उलटी आली, दुचाकीला धडकली, तिरकी होऊन चरीत गेली आणि उसासकट कलंडली. पत्नी बाजूच्या शेतात फेकली गेली. तिचे मनगट मोडले. नवरा उसाखाली गेला आणि त्याची उजवी मांडी ट्रॉलीच्या फाळक्याखाली दबली.

मला बोलावणे आले तेव्हा रस्त्याकडेच्या कोप्यांतून तोडणी कामगारांची अख्खी टोळी धावून आली होती. बीडकडची ती माणसे, दिवसभर राबून नुकतीच जेवायला बसलेली. कोणी हाताने मोळ्या उपसत होते, कोणी कोयत्याने बांध तोडत होते. त्या युवकाचा चेहरा आणि हात मोकळे झाले तेव्हा तो शुद्धीवर होता. ‘पाय बधिर झालाय, बाकी काही नाही,’ असे मला सांगत होता. ट्रॉली उचलण्यासाठी दुसरा ट्रॅक्टर आणि साखळदंड यायला अजून अवधी होता. मी त्याच्या दोन्ही हातांच्या शिरांमध्ये सलाईन लावले आणि लोकांना सांगितले, की एवढी एक बाटली आत जाऊ द्या, मग उचला. पुष्कळ जण माझ्यावर चिडले. माणूस खाली अडकला आहे आणि या बाई बाटल्या मोजत बसल्या आहेत!

मी बाटल्या का मोजत होते, हे सांगायचे तर त्याही आधीची एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी सहसा सांगत नाही. व्यवसायाच्या अगदी आरंभीच्या काळात असाच एक कामगार मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत उलटलेल्या ट्रॉलीखाली पायांवर ओझे घेऊन पडून होता. त्याला बाहेर काढले तेव्हा तो बोलत होता. त्याने चहा मागितला. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जखम फारशी नाही म्हणून समाधान मानले आणि त्याला चहा देऊ दिला. थोड्याच वेळात त्याचे हृदय थांबले. दाबलेल्या स्नायूंतील पेशी मरतात. त्यांच्यातील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे द्रव्य दबलेल्या जागीच कोंडून राहते. वजन काढताच ते एकदम रक्तात उतरते. पोटॅशियम हृदय थांबवते आणि त्यातून वाचला तर मायोग्लोबिन मूत्रपिंडे निकामी करते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांमध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ साली याचे वर्णन केले होते. माझ्या पाठ्यपुस्तकात ते होते आणि परीक्षेपुरते मी ते वाचलेही होते. त्या पहाटे मात्र मला ते आठवले नाही.

पुलापुढचा तो युवक वाचला. त्याला काही वेळा डायलिसिस घ्यावे लागले आणि आज तो किंचित लंगडतो.

अपघातानंतर पंधरा दिवसांनी त्या ट्रॅक्टरचा चालक माझ्याकडे आला. झोप येत नव्हती. रक्तदाब १७० वर १०५ होता. मी विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले, ‘पिन नव्हती, मॅडम. सळईचा तुकडा होता. तारेनं बांधला होता. हंगाम सुरू झाल्यापासनं चालत होतं.’ मूळची जाड पोलादी पिन कधीतरी पडली होती आणि वेल्डिंगवाल्याने छिद्रात बसेल असा लोखंडाचा तुकडा कापून दिला होता. छिद्रापेक्षा तो बारीक. प्रत्येक धक्क्यासरशी तो आत हालत राहिला, झिजत राहिला. चढावर सगळे वजन त्याच्यावर आले आणि तो कापला गेला. आदल्या दोन रात्री चालकाने कारखान्याच्या आवारात रांगेत काढल्या होत्या. जेमतेम तीन-चार तासांची झोप, तीही बसल्या बसल्या.

आता ती न दिसणारी गोष्ट. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्या की पंधरा-वीस टन सहज होतात. हे सारे वजन थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांकडे असते. कारण आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना चालता ब्रेक नसतोच. उतारावर म्हणूनच ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, कधी आडवा वळवते. चढावर तीच त्याची पुढची चाके जमिनीवरून उचलते. आणि जोड तुटला, तर ट्रॉलीला थांबवणारे जगात काहीच उरत नाही. समोर जे येईल तेवढेच.

या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच सापडले आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी आगगाडीसाठी प्रथम जो हवेचा ब्रेक केला, त्यात चालकाने हवा सोडली की ब्रेक लागत. गाडी मध्येच तुटली तर नळीही तुटे, आणि मागचे डबे ब्रेकविना उरत. मग १८७२ मध्ये त्यांनी योजना उलटी केली. नळीत हवेचा दाब कायम असेल तोवर ब्रेक सुटलेले राहतील; दाब गेला की प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागेल. म्हणजे जोड तुटणे हीच ब्रेकची आज्ञा. मोठ्या मालवाहू ट्रेलरांचे हवेचे ब्रेक याच तत्त्वावर चालतात. परदेशांत मोटारीमागे जोडायच्या लहान ट्रेलरांना तारेची एक साधी योजना असते. तारेचे एक टोक ओढणाऱ्या गाडीच्या सांगाड्याला, दुसरे ट्रेलरवरील खटक्याच्या पिनेला. ट्रेलर सुटला की तार ताणली जाते, पिन निघते, ट्रेलरवरची छोटी बॅटरी त्याचे विजेवर चालणारे ब्रेक आवळते. काही ठिकाणी बॅटरीही नसते, तार सरळ हातब्रेकच ओढते. अमेरिकेतील व्यावसायिक वाहतुकीच्या नियमांनुसार असा ब्रेक किमान पंधरा मिनिटे आवळलेला राहिला पाहिजे. मात्र तार हुकालाच गुंडाळली आणि हूकच निखळला, तर तार ट्रेलरबरोबर निघून जाते आणि सगळी योजना फुकट. म्हणून ती गाडीच्या सांगाड्याला स्वतंत्रपणे बांधायची, आणि अधूनमधून पिन ओढून बॅटरीत जीव आहे की नाही ते पाहायचे.

ही यंत्रे पाहताना मला हृदय आठवते. वरच्या कप्प्यातून येणारी विद्युत आज्ञा काही कारणाने तुटली, तर खालचे कप्पे थांबून राहत नाहीत. मिनिटाला तीस-चाळीस का होईना, ते आपल्या लयीने चालू राहतात. तेवढ्या अवधीत रुग्ण दवाखान्यात पोहोचतो. संपर्क तुटलेल्या भागाने स्वतःपुरते काय करायचे, हे निसर्गाने आधीच ठरवून ठेवले आहे.

आमच्याकडच्या ट्रॉलीला असा ब्रेक उद्या बसेल, अशी आशा मी दाखवणार नाही. परंतु वाचकांपैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर आहे, अनेकांचे भाऊ-दीर हंगामात ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्यासाठी जे हाताशी आहे ते सांगते. छिद्रात घट्ट बसणारी मूळ मापाची पिन आणि तिच्या खालच्या टोकाला स्प्रिंगची क्लिप. तार नको, खिळा नको. जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन मजबूत साखळ्या, दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या नेलेल्या. पिन गेली तरी ट्रॉलीचा दांडा त्या साखळ्यांच्या झोळीत पडतो, जमिनीत रुतून ट्रॉली उलटत नाही. लांबी वळणापुरतीच ठेवावी, लोंबकळेल इतकी नको. ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन पायटे शेतात वळण्यासाठी वेगळी केलेली असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती एकमेकांना जोडलीच पाहिजेत, नाहीतर एकाच चाकाचा ब्रेक लागून ट्रॅक्टर गरकन फिरतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे हा तर आत्मघातच. ट्रॉली सोडून ठेवताना चाकांना दगडाची उटी लावल्यावाचून पिन काढू नये. आणि ते गाण्याचे कर्णे! बहिरेपणाविषयी मी एरवी लिहीतच असते, पण येथे मुद्दा निराळा आहे. ढिली पिन खडखडते. तो आवाज ऐकण्याचे एकमेव साधन आपण गाण्याने बंद करून टाकतो.

झोपेविषयी अधिक लिहायला हवे, कारण ते माझ्या अधिकारातले आहे. दोन रात्री अपुरी झोप झालेल्या माणसाचा मेंदू जागेपणीच काही सेकंद मिटतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. चहा, तंबाखू, मोठ्या आवाजातील गाणी यांनी डोळे उघडे राहतात, मेंदू जागा राहत नाही. रांगेत नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरखाली अंथरूण टाकून झोपण्याची चालकांची सवय तर आणखीच भयंकर; रांग पुढे सरकते तेव्हा खाली कोणी आहे हे शेजारच्याला दिसत नाही. घरच्यांनी डब्यासोबत चादर द्यावी आणि झोप ट्रॅक्टरपासून दूर, आवाराच्या कडेला घेण्याचे वचन घ्यावे. चालकाला रक्तदाब वा मधुमेह असेल तर हंगामाच्या चार-पाच महिन्यांची औषधे चुकणार नाहीत, एवढी व्यवस्था घरातील बाईच करू शकते, हे मी अनुभवाने सांगते.

मागून येणाऱ्यांसाठी एक साधे गणित. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे सतरा मीटर कापते. समोर काही आहे हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. पंचवीस मीटर गेले. ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी बावीस-तेवीस मीटर. एकूण जवळजवळ पन्नास. खाली केलेल्या दिव्याचा उपयोगी उजेड मात्र चाळीसेक मीटरांपुरताच असतो. म्हणजे बिनदिव्याची, वाढ्यांनी रिफ्लेक्टर झाकलेली, पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली दिसेल तेव्हा उशीर झालेलाच असेल. दुचाकीस्वाराचे डोके आणि ट्रॉलीचा मागचा काठ बऱ्याचदा एकाच उंचीला येतात. उसाची टोके त्याहीपुढे आलेली असतात. हंगामात रात्री या रस्त्यांवर चाळिशीच्या वर वेग नको. चढावर ट्रॉलीच्या मागे चिकटून थांबू नये. वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवावे आणि तेही तिच्या थेट मागे नव्हे. समोरून एकच दिवा येताना दिसला तर तो दुचाकीचा समजू नये. दुसरा दिवा फुटलेला ट्रॅक्टर असू शकतो.

आणि मुले. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणे हे आपल्यापैकी कितीजणांनी केले आहे! मीही केले आहे. त्या उसासारखा गोड ऊस पुन्हा मिळाला नाही. पण आमच्या लहानपणी तो बहुधा बैलगाडीतला असे. आज दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत शिरून ऊस ओढणारी मुले मी पाहते, तेव्हा गाडी थांबवून ओरडते. मुलाला नुसते ‘करू नकोस’ म्हणून भागत नाही. त्याला उभी ट्रॉली दाखवावी, ती पिन दाखवावी आणि एवढ्यावर किती टन टांगलेले आहेत ते सांगावे.

अपघात घडलाच, तर १०८ ला दूरध्वनी आणि मागून येणारी वाहने थांबवणे ही कामे आधी. छाती, पोट वा मान दबली असेल तर वजन तत्क्षणी काढायचे. पाय वा मांडी दबून तासाहून अधिक वेळ गेला असेल, तर शक्य तेथे डॉक्टर येऊन साधे सलाईन सुरू झाल्यावर वजन काढावे. पण डॉक्टर येण्यासारखे नसतील तर सुटका अडवू नये. मात्र रुग्णालयात ‘इतके तास दबला होता’ हे आवर्जून सांगावे, जखम दिसत नसली तरी. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने हाताचा सलग दाब द्यावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ट्रॉली जोडताना बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी; बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्यालायक उरत नाही. पोलिसांचे झंझट नको म्हणून आजही लोक बाजूने निघून जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे; सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. शिवाय २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळू शकतात. रुग्णालयात याची चौकशी जरूर करावी.

शहरी वाचकांना हे सारे दूरचे वाटले असेल. त्यांनी आपल्या मोटारीच्या डिकीतील दोर आठवावा. बंद पडलेली गाडी टोचन लावून आणताना तिचे इंजिन बंद असते. त्यामुळे ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड. किल्ली काढलेली असेल तर स्टिअरिंग अडकूनच बसते. ओढल्या जाणाऱ्या गाडीत म्हणून सर्वांत अनुभवी चालक बसवावा. आपण मात्र तेथे घरातल्या नवशिक्याला बसवतो. दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नको, वेग पंचविशीच्या आत, दोराला लाल कापड, आणि दोर ताणलेला असताना मध्ये कोणी उभे राहायचे नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोर बाजूला ठेवून गाडी उचलून नेणारे वाहनच बोलवावे.

ताई, आपल्या मुलाच्या सायकलला मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि मडगार्डवर परावर्तक पट्टी बसवून घ्या. शिकवणीच्या सरांना भेटून हंगामापुरती वेळ तासभर अलीकडे घेता येईल का ते विचारा. त्या रस्त्याने जाणारा तो एकटाच विद्यार्थी नसेल. चार पालकांच्या सह्यांचे पत्र कारखान्याच्या शेती विभागात द्या. काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीची पिन, साखळी आणि मागचे रिफ्लेक्टर तपासणे त्यांना सहज जमते. आपल्याला घास उतरत नाही त्यावर मी औषध देणार नाही.

तो चालक अजूनही हंगामात ट्रॅक्टर चालवतो. दरवर्षी कार्तिकात, ट्रॉल्या जोडण्यापूर्वी, रक्तदाब तपासायला येतो. यंदा मी दवाखान्याबाहेर जाऊन त्याची जोडणी पाहिली. पिन नवी होती, क्लिपही होती. साखळी एकच. दुसरी पुढच्या आठवड्यात बसवतो म्हणाला. मी त्याला गोळ्या आठच दिवसांच्या लिहून दिल्या आहेत.